जन्मसाल १९१२, १९१३ की १९१६? एका जुन्या नटीच्या चरित्राची पडताळणी

पार्श्वभूमी

हे प्रकरण दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातलं. बोलपटांच्या पहिल्या पिढीतली एक अभिनेत्री या गावची. कोल्हापूर, पुणे, मुंबई असा तिचा प्रवास झाला, चाळीसच्या दशकात ती चांगलीच नावारूपाला आली आणि पुढे चरित्र भूमिका करत राहिली. गावात तिला सगळे ‘बाई’च म्हणतात, तेव्हा इथेही तेच म्हणतो. नाव, गाव, नेमक्या तिथ्या आणि चित्रपटांची नावं वगळली आहेत. वर्षं मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत, कारण सगळं प्रकरण वर्षांवरच उभं आहे.

२०१५च्या उत्तरार्धात गावातल्या एका मंडळाने बाईंची जन्मशताब्दी साजरी करायचं ठरवलं. सोहळा २०१६मध्ये, वाचनालयाच्या सभागृहाला बाईंचं नाव, दारावर दगडी पाटी आणि एक स्मरणिका. स्मरणिकेचं संपादन माझ्याकडे आलं. सचिवांनी जाडजूड फाईल हातात ठेवली. “सर, माहिती सगळी तयार आहे. तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा.”

फाईलमधल्या पहिल्याच लेखात बाईंचा जन्म १९१६चा होता. तिसऱ्या लेखात, कंसात का होईना, १९१२.

अडचण नेमकी कुठे होती

जुन्या नट-नट्यांच्या बाबतीत जन्मसालाचा गोंधळ नवा नाही, आणि त्यात कोणी मुद्दाम खोटेपणा करतो असंही नाही. प्रत्येक तारीख कोणीतरी, कशासाठी तरी लिहिलेली असते. शाळेला प्रवेशासाठी वय हवं असतं, कंपनीला नायिका कोवळी हवी असते, घरच्यांना पत्रिका जुळवायची असते. पन्नास वर्षांनी संपादक हे सगळे कागद एका ओळीत मांडतो आणि ते एकमेकांशी भांडतात.

इथे दोन सालं होती आणि दोन्हींच्या पाठीशी माणसं होती. १९१६च्या बाजूने इंटरनेटवरची सगळी पानं, दोन-तीन वृत्तपत्रीय लेख आणि खुद्द बाईंची मुलाखत. त्या मुलाखतीत त्या सांगतात, “बोलपट आला तेव्हा मी सोळा वर्षांची होते.” पहिला मराठी बोलपट म्हणून ओळखला जाणारा प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२चा, म्हणजे हिशोब बरोबर १९१६वर येतो. १९१२च्या बाजूने शाळेचा दाखला आणि ऐंशीच्या दशकात गावातल्याच एका शिक्षकांनी काढलेली छोटी पुस्तिका.

वर्षाखेरीज आणखी दोन भानगडी होत्या. चित्रपटांच्या यादीत दोन वेगळ्या नट्यांची कामं एकत्र झाल्याचा संशय होता. आणि मंडळाला पाटीवर ‘पहिल्या मराठी बोलपटातील अभिनेत्री’ असं कोरायचं होतं, ज्याला आधार म्हणून घरातली एक आठवण तेवढी होती.

समोर आलेले पर्याय

पहिल्या बैठकीत चार सूचना आल्या. १९१६ ठेवावं, कारण जग तेच म्हणतं आणि निमंत्रणपत्रिका छापायला गेल्या आहेत. १९१२ घ्यावं, कारण शाळेच्या दाखल्यावर शिक्का आहे. जन्मसालच देऊ नये, नुसतं नाव कोरावं. किंवा तपास करावा आणि तोवर थांबावं.

चौथी सूचना माझी होती आणि तिला सगळ्यात कमी पाठिंबा होता, हे समजण्यासारखं आहे. देणगीदार ठरलेले होते, पाहुण्यांची तारीख घेतलेली होती. “अहो, वर्ष इकडचं तिकडं झालं म्हणून बाई काय कमी होतात का?” असं अध्यक्षांनी विचारलं, आणि त्या प्रश्नात तथ्य होतं.

मग मी मागणी आखूड केली. पत्रिका जाऊ देत, फ्लेक्स लागू देत, कार्यक्रम होऊ देत, फक्त दगड थांबवा. कागदावरची चूक पुढच्या अंकात दुरुस्त होते, कोरलेला आकडा पुन्हा कोणी कोरत नाही. हे मान्य झालं. या प्रकरणातला हा पहिला निर्णय, आणि पुढचं सगळं त्यामुळेच शक्य झालं. सगळं थांबवा म्हणून हटून बसलो असतो तर बहुधा काहीच थांबलं नसतं.

पडताळणी : आधी १९१६

इंटरनेटवरची पानं जास्त असली तरी ती सगळी एकाच टाकीच्या नळांसारखी निघाली. एका संकेतस्थळाने एका वृत्तपत्रीय लेखाचा हवाला दिला होता. तो लेख लिहिणाऱ्या गृहस्थांना फोन केला तर त्यांनी माहिती इंटरनेटवरूनच घेतली होती. मागे जाता जाता सगळ्यात जुना छापील उल्लेख सापडला तो चाळीसच्या दशकातल्या एका चित्रपट नियतकालिकातला. त्यात बाईंचं वय दिलं होतं आणि त्यावरून १९१६ निघत होतं.

तो काळ समजून घ्यायला हवा. बाबूराव पटेलांचं ‘फिल्मइंडिया’ मासिक १९३५मध्ये सुरू झालं आणि त्यानंतर नट-नट्यांच्या खासगी माहितीला वाचक मिळू लागला. ही माहिती बहुतेक वेळा कंपनीच्या प्रसिद्धी विभागाकडून यायची. नायिकेची तीनचार वर्षं कमी करणं त्यात बसत होतं. मग एकदा छापलं गेलेलं वय कलावंतालाही पाळावं लागे, पुढच्या मुलाखतीत दुसरं सांगून कसं चालेल?

म्हणून बाईंच्या स्वतःच्या शब्दांचं काय करायचं हा प्रश्न आला. मुलाखत बरीच उशिराची, छापील वयानंतर सुमारे तीस वर्षांनी घेतलेली. अशी साक्ष बाद करू नये, पण तिला स्वतंत्र पुरावाही मानू नये, असं मी ठरवलं. ‘सोळा’ हा आकडा त्यांच्या तोंडी रुळलेला असू शकतो. मुलाखतीतल्या बाकीच्या गोष्टी, म्हणजे दिग्दर्शकांच्या सवयी, पगाराच्या तक्रारी, नाटक कंपनीतल्या आठवणी, मात्र दुसरीकडे पडताळल्या तेव्हा बऱ्याच जुळल्या. वयाबद्दल सावध राहायचं म्हणून माणूसच अविश्वसनीय ठरत नाही.

१९१६ला धक्का देणारा पहिला कागद घरातून आला. बाईंच्या नातीकडे मुंबईच्या एका कंपनीशी १९३३मध्ये झालेला करार होता. मुद्रांक कागदावर, खाली बाईंची स्वतःची सही, पालकाची सही नाही. १८७५च्या कायद्याप्रमाणे सज्ञान होण्याचं वय अठरा, आणि अज्ञान, म्हणजे त्याहून कमी वयाच्या, व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे तेव्हाचं सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३मध्ये स्पष्ट केलेलं होतं. वकिलाकडून करार लिहून घेणाऱ्या कंपनीने सतरा वर्षांच्या मुलीची एकटीची सही घेतली असेल? घेतलीही असेल. तेव्हा दाखले कोण तपासत होतं? म्हणून हा पुरावा झुकतं माप देणारा, पण निकाल देणारा नाही, अशी नोंद केली.

पडताळणी : मग १९१२

इथे परिस्थिती जास्त फसवी होती, कारण दोन कागद एकमेकांना दुजोरा देत होते.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रवेश जून १९१८चा आणि जन्मतारीख १ जून १९१२. महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही १ जून दिसला की हसू येतं. आपल्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस त्या दिवशी असतो. शाळा जूनमध्ये भरते, पोराला घेऊन आलेल्या माणसाला जन्मतारीख ठाऊक नसते, मास्तर वर्ष मागे मोजतात आणि १ जून टाकतात. जून १९१८मध्ये बरोबर सहा वर्षं पूर्ण व्हावीत असा हा आकडा होता. नोंद खरी, शिक्का खरा, पण तारीख प्रवेशाच्या सोयीची. त्यातून एवढंच निघतं की १९१८च्या जूनमध्ये ही मुलगी शाळेत बसवण्याजोगी दिसत होती. १९१६चा जन्म असता तर ती दोन वर्षांची असती. म्हणजे दाखल्याने १९१२ सिद्ध झालं नाही, पण १९१६ जवळजवळ संपलं.

दुसरा कागद शिक्षकांची पुस्तिका. त्यात वाक्य असं होतं : जन्म ‘शके १८३४ (इ. स. १९१२)’. मंडळातल्या सगळ्यांनी कंसातला आकडा वाचला होता. मला कंसाबाहेरचा जास्त महत्त्वाचा वाटला. शक लिहिणाऱ्या माणसाने कुठेतरी जन्मपत्रिका किंवा जन्माचं टिपण पाहिलेलं असणार, नाहीतर शक आला कुठून?

शिवाय शकातून इसवी सन काढण्यातली नेहमीची गफलत इथे शक्य होती. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, पण हे चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच. शकाचं वर्ष पाडव्याला बदलतं, इसवी सन १ जानेवारीला. त्यामुळे साधारण पौषातला काही भाग, माघ आणि फाल्गुन या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. बाईंचा जन्म त्या काळातला असेल तर १८३४चं १९१३ होतं. म्हणजे शाळेचे १९१२ आणि पुस्तिकेचे १९१२ हे दोन वेगळ्या चुकांमधून एकाच आकड्यावर आलेले असू शकत होते. दोन साक्षीदार एकच सांगतात म्हणून आपण निर्धास्त होतो. ते तिथवर कसे पोचले, हे विचारलं तरच असा योगायोग उघडा पडतो.

टिपणाचा शोध आणि एक आकडा

टिपण शेवटी मिळालं बाईंच्या भाच्याच्या घरी, देवघराच्या खणात, जुन्या पंचांगांच्या खाली. हातकागदाची पट्टी, चार घड्या, घडीवर फाटलेली. मजकूर मोडीत. मोडी वाचणारे दोन जण गाठले आणि दोघांना स्वतंत्रपणे फोटो पाठवले. कोणतं वर्ष अपेक्षित आहे हे दोघांनाही सांगितलं नाही. हे महत्त्वाचं. ‘१८३४ आहे ना बघा’ असं म्हटलं की डोळ्याला १८३४च दिसतो.

एकाने १८३४ वाचलं. दुसऱ्याने शेवटचा आकडा खात्रीने सांगता येत नाही, ४ किंवा ८, असं कळवलं. बोरूची शाई नेमकी तिथेच घडीवर पसरली होती. ही बातमी मंडळात पोचताच १९१६वाल्यांना बळ आलं. “बघा, १८३८ असेल तर अधिक ७८ म्हणजे १९१६!” त्यांचं गणितही वरवर बरोबर होतं.

निकाल त्याच ओळीतल्या पुढच्या शब्दाने लावला. टिपणात शकाच्या आकड्यापाठोपाठ संवत्सराचं नाव असतं, ‘अमुक नाम संवत्सरे’. इथे दोन्ही वाचकांनी निःशंकपणे ‘परिधावी’ वाचलं होतं. साठ संवत्सरांचं चक्र नर्मदेच्या दक्षिणेला शकाशी एकास एक बांधलेलं आहे. शके १८३४ला परिधावी येतं. शके १८३८ला नल, ज्याला कुठे कुठे अनलही लिहितात. परिधावी पुन्हा यायला साठ वर्षं लागतात. शाईने आकडा खाल्ला तरी नाव शाबूत होतं. जुन्या लोकांनी एकच गोष्ट दोनदा का लिहून ठेवली, ते अशा वेळी कळतं.

पुढे महिना : पौष शुद्ध. त्या वर्षीचा पौष शुद्ध पक्ष पूर्णपणे जानेवारी १९१३मध्ये पडतो. तिथी आणि वार यांचाही मेळ घालून पाहिला. १८३४ धरलं तर वार जुळतो, १८३८ धरलं तर जुळत नाही. (उत्तरेकडच्या एखाद्या कलावंताचं टिपण असेल तर एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे वद्य पक्षाच्या तिथीला आपल्यापेक्षा पुढच्या महिन्याचं नाव असतं, आणि संवत्सरचक्रही वेगळं चालतं.)

म्हणजे टिपणानुसार जन्म जानेवारी १९१३चा.

सरकारी नोंद : दोन मुली, दोन गावं

टिपण घरचं असतं आणि कधीकधी मागाहूनही केलेलं असतं, लग्न जुळवताना सोयीचं व्हावं म्हणून. त्यामुळे बाहेरची एक तरी नोंद हवी होती. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९चा. त्याआधीच्या खेड्यातल्या नोंदी शोधायच्या तर कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. जातीच्या दाखल्यासाठी धावपळ केलेल्यांना हे नाव चांगलं ठाऊक असतं.

वडिलांच्या गावच्या बुकात एक नोंद मिळालीही. साल १९१०, वडिलांचं नाव तेच, अपत्य : मुलगी. नाव नाही. कोतवाल जन्म नोंदवायचा तेव्हा बारसं झालेलं नसायचं, म्हणून अशा नोंदींत बऱ्याचदा मुलाचं नावच नसतं. मंडळातल्या एकाने ही नक्कल पाहून १९१० हे चौथं साल जाहीर करून टाकलं.

नातीला विचारलं तेव्हा कळलं, की बाईंना एक थोरली बहीण होती आणि ती लहानपणीच गेली. मग त्याच बुकातली मृत्यूची पानं उलटली. १९१८च्या शेवटी, इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्या घरातल्या आठ वर्षांच्या मुलीचा मृत्यू, कारण ‘ताप’. त्या पानावर तापाच्या नोंदी खाली खाली उतरत गेल्या आहेत, एकाच आडनावाच्या तीन-तीन. १९१०ची मुलगी ती होती.

मग बाईंची नोंद का नाही? वडिलांच्या गावात १९१२, १९१३, १९१४ तिन्ही वर्षं पाहिली, काही नाही. इथे बहुतेक शोध थांबतात आणि ‘नोंद आढळली नाही’ असा शेरा पडतो. पण बाळंतपण माहेरी होतं, हे आपल्याला वेगळं कोणी सांगायला नको. आईचं माहेर दुसऱ्या तालुक्यात, आणि संस्थानी काळात ते वेगळ्या संस्थानात होतं. म्हणजे कागद वेगळ्या कचेरीत. तिथल्या बुकात जानेवारी १९१३ची नोंद मिळाली : मुलगी, वडिलांचं नाव आणि गाव दोन्ही बरोबर. तारीख टिपणातल्या जन्मदिवसानंतर दोन दिवसांची. नोंद खबर दिल्याच्या दिवशी झाली असावी असं मी मानलं आणि दिवसासाठी टिपणाला, महिना-वर्षासाठी दोन्हींना आधार धरलं.

या नकलेने एक वेगळाच पेच आणला. कोतवाल बुकात जातीचा रकाना असतो. मंडळाला नकलेचा फोटो स्मरणिकेत पूर्ण पान छापायचा होता, पुरावा म्हणून. कुटुंबाला ते नको होतं. बाई ज्या समाजातून आल्या त्याची चर्चा त्यांनी आयुष्यभर टाळली होती आणि का टाळली असेल, हे त्या काळच्या नट्यांबद्दल लोक काय बोलायचे हे माहीत असलेल्याला समजतं. रकाना झाकून फोटो छापावा असं सुचवलं गेलं. पण झाकलेला रकाना उघड्यापेक्षा जास्त बोलतो. आम्ही फोटो छापलाच नाही. वर्ष ठरवायला लागतो तेवढाच मजकूर उतरवून दिला. मूळ नकला वाचनालयात ठेवल्या, अभ्यासकाने मागितल्या तर कुटुंबाच्या संमतीने दाखवायच्या.

चित्रपटांची यादी : एका नावाच्या दोघी

मराठी वाचकाला याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण सुलोचना. मूकपटांच्या काळातल्या सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, ज्यांना १९७३चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. आपल्या सुलोचनादीदी म्हणजे सुलोचना लाटकर. लावणीच्या सुलोचना चव्हाण आणखी तिसऱ्या. तरीही पहिल्या दोघींचे चित्रपट एकमेकींच्या खात्यात पडलेले मी पाहिलेत. झुबेदांचंही तसंच. ‘आलम आरा’ची नायिका वेगळी आणि १९५२मध्ये जोधपूरच्या महाराजांबरोबर विमान अपघातात गेलेल्या झुबेदा वेगळ्या.

बाईंच्या यादीत चाळीसेक चित्रपट होते. त्यातले काही लाहोर आणि कलकत्त्याच्या कंपन्यांचे, जिकडे बाई कधी गेल्याचं घरात कोणालाच माहीत नव्हतं.

इथे कामाला आल्या त्या गाण्यांच्या पुस्तिका. थिएटरात विकल्या जाणाऱ्या या चार-आठ पानी चोपड्यांत कथासार, गाणी आणि नटसंच असतो. चित्रपट नष्ट झाला तरी चोपडी उरलेली असते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्थापना १९६४) आणि खासगी संग्राहकांकडे मिळून यादीतल्या बऱ्याच चित्रपटांच्या पुस्तिका पाहता आल्या. बाईंच्या नावामागे मराठी कंपन्या ‘बाई’ लावत होत्या किंवा नुसतं नाव देत होत्या. लाहोर-कलकत्त्याच्या पुस्तिकांत त्याच नावामागे ‘मिस’ होतं. एवढ्यावर वेगळेपण सिद्ध होत नाही. पण दोन पुस्तिकांत त्या ‘मिस’चा फोटो होता आणि नातीने पाहताक्षणी मान हलवली. मग एका जाहिरातीत त्या दुसऱ्या नटीचं मूळ नाव मिळालं आणि प्रश्न मिटला.

सेन्सॉरच्या नोंदींकडून फार अपेक्षा ठेवून जाणाऱ्यांसाठी एक सूचना. १९१८च्या कायद्यानंतर मुंबईसारख्या शहरांत सेन्सॉर मंडळं आली आणि प्रमाणित चित्रपटांच्या याद्या राजपत्रात येऊ लागल्या. चित्रपट कधी तयार होता हे त्यावरून पक्कं करता येतं. त्यात काम कोणी केलं, यासाठी त्यांचा उपयोग नाही.

दुभाषी चित्रपटांनी वेगळाच घोळ घातला होता. मराठीत काम केलं म्हणजे हिंदी आवृत्तीतही तीच नटी, असं धरून यादी दुप्पट केली होती. पण तसं नेहमी नसे. प्रभातच्या १९४१च्या ‘शेजारी’त पाटील होते केशवराव दाते. हिंदी ‘पडोसी’त ती भूमिका मझहर खान यांनी केली, मिर्झा मात्र दोन्हींकडे गजानन जागीरदार. म्हणून प्रत्येक आवृत्ती वेगळी तपासली आणि पुस्तिका न मिळालेल्या हिंदी आवृत्त्या ‘संभाव्य’मध्ये टाकल्या.

ग्रामोफोन तबकड्यांवरून भूमिका ठरवण्याचा मोहही आवरावा लागतो. पार्श्वगायन १९३५पासून सुरू झालं आणि बराच काळ तबकडीवर गायिकेऐवजी पात्राचं नाव छापत. ‘महल’ (१९४९)मधल्या लताबाईंच्या गाण्याच्या तबकडीवर ‘कामिनी’ असं होतं, ते पात्राचं नाव. तबकडीवर बाईंचं नाव आहे म्हणजे त्या गायल्या, किंवा नाही म्हणजे गायल्या नाहीत, यातलं काहीच ठरत नाही.

यादी अखेर तीन भागांत छापली : खात्रीची, संभाव्य आणि त्याच नावाच्या दुसऱ्या अभिनेत्रीची. तिसऱ्या भागावरून थोडी नाराजी झाली, कारण बाईंच्या चित्रपटांची संख्या बरीच घटली.

‘पहिल्या बोलपटातली नटी’

कुटुंबात सांगतात, की ‘अयोध्येचा राजा’त बाई दासींच्या घोळक्यात उभ्या होत्या. अशक्य काहीच नाही. प्रभात १९३३मध्ये पुण्याला गेली, त्याआधी कंपनी कोल्हापुरातच होती, आणि बाई त्या काळात कोल्हापुरात होत्या. चित्रपट उपलब्ध आहे, म्हणून नातीसोबत बसून पाहिला. एका प्रसंगात डावीकडून दुसरी उभी आहे ती आजीच, असं तिला वाटलं. मला तिसरी वाटली. श्रेयनामावलीत नाव नाही. त्या काळातल्या कोल्हापुरातल्या कंपन्यांचे कागद फारसे उरलेले नाहीत. जयप्रभा स्टुडिओ तर १९४८च्या, गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीतच जळाला.

पाटीवर ते वाक्य नको, स्मरणिकेत ‘कुटुंबीयांच्या आठवणीनुसार’ एवढ्या शब्दांसह असावं, असं ठरलं. सचिव म्हणाले, “सर, तुम्ही सगळी चमकच काढून घेताय.” पण त्यांनी ते मान्य केलं.

काय झालं

कार्यक्रम २०१६मध्ये ठरल्या दिवशीच झाला. जानेवारी १९१३ हा जन्म धरला तर शताब्दी तीन वर्षांपूर्वीच उलटून गेली होती, म्हणून नंतरच्या जाहिरातींत ‘जन्मशताब्दी’ऐवजी ‘स्मृतिगौरव सोहळा’ असं केलं. आधी गेलेल्या पत्रिका तशाच राहिल्या. पाटी काही महिन्यांनी बसली, तिच्यावर १९१३ आहे, दिवस नाही. स्मरणिकेत दीड पानाचं टिपण दिलं : कोणता कागद कोणतं साल सांगतो, तो कोणी कशासाठी केला आणि आम्ही १९१३ का धरलं. ते पान वाचून दोन वाचकांनी आपल्याकडच्या पुस्तिका पाठवल्या आणि ‘संभाव्य’मधला एक चित्रपट ‘खात्री’त गेला.

नातीला १९१३ स्वीकारणं जड गेलं. “आजी सोळाच सांगायची,” ती म्हणाली. मुलाखतीतलं ते वाक्य आम्ही काढलं नाही, बाईंच्या शब्दांत तसंच छापलं, खाली एक ओळीची टीप देऊन.

इंटरनेटवर एका ठिकाणी साल दुरुस्त झालं, काही आठवड्यांनी कोणीतरी पुन्हा १९१६ केलं, कारण ‘जास्त ठिकाणी तेच आहे’.

वेगळं काय करता आलं असतं

घरच्यांकडे आधी जायला हवं होतं आणि कचेऱ्यांत नंतर. टिपण आणि करार हातात असते तर कोतवाल बुकातलं नेमकं कोणतं गाव आणि कोणतं वर्ष पाहायचं, हे पहिल्या आठवड्यातच कळलं असतं. मंडळानेही पत्रिका छापायला देण्यापूर्वी फाईल एकदा बाहेरच्या माणसाला दाखवली असती तर ‘जन्मशताब्दी’चा शब्द घाईघाईने बदलावा लागला नसता.

भाच्याच्या घरातलं टिपण आम्ही फक्त पुढच्या बाजूने टिपलं गेलेलं पाहिलं, कारण फोटो त्यांनीच काढून पाठवले होते. मूळ कागद पाहिला तेव्हा मागे दुसऱ्या हाताने लिहिलेल्या दोन ओळी निघाल्या, लग्नाच्या वेळच्या. त्या आधी मिळत्या तर टिपण मागाहून केलेलं असेल का, ही शंका लवकर फिटली असती. कागद घरातून हलवायचा नसेल तर आपण जावं, दोन्ही बाजू, घड्या आणि कडा स्वतः टिपाव्यात.

कुटुंबाशी जातीच्या रकान्याबद्दलचं बोलणं नक्कल मिळण्याआधी व्हायला हवं होतं. नक्कल मंडळाच्या टेबलावर फिरून झाल्यावर ते झालं, आणि तोवर ती बऱ्याच जणांनी फोनमध्ये टिपली होती.

‘संभाव्य’ यादीत अजून काही हिंदी आवृत्त्या आहेत. त्यातल्या एकीची पुस्तिका नागपूरच्या एका संग्राहकाकडे असल्याचं कळलं आहे. ती पुस्तिका दाखवायला ते तयार आहेत, पण आधी पैशाचं बोलायचं म्हणतात.